लाइट वर धर

"यावर नवीन विंडोज कोणी टाकलं?" येमूलने विचारलं.

"मी."

"आणि ते विचारत होतं तेव्हा काय केलं?"

"यस दाबलं."

"सगळीकडं?"

"सगळीकडं."

त्याने हार्ड डिस्क हातात उलटी केली, सुलटी केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, नवस बोलल्यासारखं यस यस करत गेला की तुम्ही."

सोलापूरच्या साखर पेठेत श्रीनिवास येमूलचं लहानसं दुकान होतं. मी बार्शीहून सकाळच्या एसटीने डिस्क टॉवेलात गुंडाळून नेली होती, काचेचं भांडं न्यावं तशी. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पण त्याने विचारलेलं ते पहिलं वाक्य आणि त्यावर माझी खाली गेलेली मान मला अजून आठवते. तेव्हा वाटलं होतं, एवढीच मान खाली घालावी लागेल.

मी लग्नांचं शूटिंग करायचो. बार्शीत आणि आसपासच्या गावांत 'कोरे व्हिडिओ' म्हटलं की लोक मला ओळखायचे. कॅमेरा माझ्या खांद्यावर असायचा, पण धंदा दोघांचा होता. हॅलोजनचा दिवा धरायला पोरं मिळायची, टिकायची नाहीत. मग माझी बायको महानंदा दिवा धरायला लागली. बाई बरोबर असली की हळदीला, चुडा भरायला बायकांच्या खोलीत जाता येतं, म्हणून लोकांनाही ते बरं वाटायचं. लग्न आटोपलं की घरी कॉम्प्युटरवर मिक्सिंग करायचं, कापायचं-जोडायचं कामही तिचंच. ती एका क्लासला जाऊन ते शिकली होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही पडली नव्हती.

ती कावीळ होऊन गेली. बघता बघता गेली. त्यानंतर मशीन अडकत चाललं, तेव्हा मीच सीडी घातली आणि स्क्रीनवर इंग्रजीत जे जे विचारलं त्याला होकार देत गेलो. मशीन सुरू झालं तर आतून नव्या घरासारखं मोकळं. मी ती डिस्क काढून ट्रंकेत ठेवून दिली, मशीनला दुसरी बसवून घेतली. कोणाला सांगितलं नाही.

दोन वर्षांनी तृप्तीचा, माझ्या मुलीचा, पुण्याहून फोन आला. तिला मुलगा झाला होता, चार-पाच महिन्यांचा होता तेव्हा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला आईचा आवाज आठवेनासा झालाय. तोंड आठवतं, बोलायची ते आठवतं, आवाज येत नाही. तुमच्याकडं कुठं असेल ना?"

मी असेल म्हणालो. मग बसून विचार केला, तर कुठेच नव्हता. तिचे फोटो होते. पण आमच्या लग्नाच्या सीडींमध्ये मूळ आवाज ठेवायची पद्धत नव्हती. सनई आणि गाणी टाकायची, माणसांचं बोलणं सगळं काढून टाकायचं. टेपाही आम्ही ठेवत नव्हतो, त्याच पुसून पुढच्या लग्नाला वापरायच्या. तिचा मोबाइल साधा बटणांचा. राहता राहिली ती डिस्क.

येमूलने मला समजावून सांगितलं. डिस्कचे तीन भाग केलेले होते. कुठला भाग कुठून कुठपर्यंत, हे डिस्कच्या सुरुवातीलाच एका तक्त्यात नोंदलेलं असतं. माझ्या यस-यसने तो तक्ता गेला. "गोडाउनवरच्या पाट्या पुसल्या तुम्ही," तो म्हणाला, "माल आत असंल. पण पुढच्या गोडाउनात तुम्ही नवा माल भरला, तिथला जुना दबला. मागचं बघतो."

चार दिवसांनी त्याचा फोन आला. पहिले दोन भाग हाताला लागत नव्हते, तिसरा पूर्ण आला होता. मी लगेच गेलो.

त्याच्या दुकानात एक बाई प्रिंटर घेऊन बसल्या होत्या. शाळेतल्या असाव्यात, मांडीवर पेपरांचा गठ्ठा होता. येमूलने मला आत स्टुलावर बसवलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"तिसऱ्या भागात एकच फोल्डर आहे, काका. नाव दिलंय 'नको'. हे काय?"

मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. मिक्सिंग करताना जो तुकडा कापायचा तो महानंदा लगेच पुसत नसे. नवरीकडचा माणूस येऊन म्हणायचा, आमच्या आत्या दिसत नाहीत, तर आत्या त्या कापलेल्या तुकड्यात असायच्या. म्हणून ती नको असलेलं सगळं एका बाजूला टाकून ठेवायची. मी येमूलला तसं सांगितलं. तो म्हणाला, बाई हुशार होत्या. मला बरं वाटलं. आपल्या माणसाचं कोणी नाव काढलं की वाटतं तसं.

त्याने एक तुकडा लावला. नवरीचा चेहरा, चुडा भरणं चाललंय. आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून तिचा आवाज आला.

"घाबरू नकोस गं. हात सैल सोड. सैल सोडला की बांगडी आपोआप चढते."

 येमूल स्क्रीनकडे न बघता दुसरं काहीतरी करायला लागला, तेवढं त्याला कळलं. मी नाक पुसलं आणि पुढचं लाव म्हणालो.

पुढच्या तुकड्यात लग्नाचा मांडव होता. ती कुणाला तरी म्हणत होती, आजी, जरा इकडं सरका, तोंड दिसू द्या तुमचं. आणि मध्येच एक पुरुष ओरडला. "ए, लाइट वर धर. हात मोडलेत का?"

त्याच्या पुढच्यात पुन्हा तोच. "किती वेळा सांगायचं? माहेरी कधी दिवा बघितला नव्हता का?"

त्याच्या पुढच्यातही.

प्रिंटरवाल्या बाईंनी पेपरांतून मान वर केली. "कोण हो हा मेला," त्या म्हणाल्या, "लग्नात येऊन बाईच्या अंगावर ओरडतोय?"

मलाही तेच वाटत होतं. खरं सांगतो, मला तो आवाज ओळखू आला नाही. चिडका, नाकातून येणारा आवाज. मी म्हणालो, "असेल कोणी नवरीचा मामा-काका. दारू पिऊन येतात एकेक."

 येमूलने कीबोर्डवर हात ठेवला आणि ते थांबवलं. मग हळू आवाजात, बाईंना ऐकू जाऊ नये अशा बेताने तो म्हणाला, "काका, कॅमेऱ्याच्या मागं तुम्हीच होता ना?"

मी म्हणालो, हो.

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि चहा सांगायला बाहेर गेला. चहावाला समोरच होता, हाक मारली असती तरी आला असता.

त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मी स्क्रीनकडे तोंड करून बसलो. स्क्रीनवर नवरी अर्धवट हसत थांबलेली होती.

एवढी वर्षं मी माझं काम सीडीवर बघत होतो. सनई वाजते, अक्षता पडतात, मी एवढ्या लोकांची लग्नं किती गोड करून दिली असं मला वाटायचं. माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तिने ऐकला होता. एकदा मांडवात, लोकांदेखत, आणि मग घरी मशीनसमोर बसून पुन्हा, कुठून कुठपर्यंत कापायचं ते बघण्यासाठी मागे-पुढे करून. त्या फोल्डरमध्ये बहुतेक माझ्यामुळे कापलेलेच तुकडे होते.

येमूलने सगळं एका पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं. पैसे देत असतानाच तृप्तीचा फोन वाजला. मिळालं का, तिने विचारलं. मागे बाळ रडत होतं.

"नाही," मी म्हणालो. "काही आलं नाही."

 ती म्हणाली, "थोडंसुद्धा नाही?"

"तो म्हणतो, सगळं गेलं."

येमूल माझ्यासमोरच उभा होता. त्याने पावती फाडली आणि माझ्या हातात दिली. एरवी दुकानदार गिऱ्हाइकाला "परत या" म्हणतो, तसं काही तो म्हणाला नाही.

बार्शीला आल्यावर मी ठरवलं की माझा आवाज तेवढा काढायचा आणि मग तृप्तीला सांगायचं, बाई, मिळालं. चूक झाली होती त्या दुकानदाराची, असं सांगायचं. येमूलवर ढकलायला मला काही वाटलं नाही. कापायला मला जेमतेम येत होतं. दुपारी बाहेरच्या खोलीचं दार लोटून मी मशीनपुढे बसलो.

ते जमेना. मी ओरडतो आणि ती उत्तर देते. "हो हो, केला वर." माझं वाक्य संपायच्या आत तिचं सुरू होतं. माझं कापावं तर तिचा "हो हो" जातो, नुसतं "केला वर" उरतं, कशावर बोलतेय ते कळत नाही. तिचं पूर्ण ठेवावं तर माझी शेपटी राहते, "...का तुला". एका तुकड्यात ती नवरीला म्हणते, "लक्ष देऊ नकोस, त्यांचं असंच असतं," आणि हसते. ते हसणं मला हवं होतं. पण माझं काढल्यावर ती कशाला हसते, लक्ष देऊ नकोस म्हणजे कशाकडे? जो ऐकेल तो विचारणारच.

माझ्या आवाजाला न चिकटलेले तुकडे शोधले. तो चुड्याचा एक होता. तिने तो का कापला होता कोणास ठाऊक. बाकी सगळीकडे आम्ही दोघे.

मी पेन ड्राइव्ह कपाटात, तिच्या साडीच्या घडीत ठेवून दिला.

संक्रांतीला तृप्ती आली. बाळाचं, रुद्रचं, बोरन्हाण माहेरी करायचं म्हणून. जावईबापूंना सुटी नव्हती. शेजारच्या हलगरेकाकूंनी सगळं हातात घेतलं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलव्याचे दागिने. आसपासची चार पोरं गोळा केली, पाच-सहा बायका आल्या. रुद्रला काळं झबलं घालून पाटावर बसवलं. तृप्ती त्याच्या गळ्यात हलव्याचा हार घालत होती आणि तो हार चाटत होता.

मी जुना कॅमेरा बाहेर काढला होता. खोलीत उजेड कमी होता, म्हणून दिवाही काढला. दिवा धरायला कोणीतरी हवं, म्हणून मी आजूबाजूला बघितलं.

"मी नाही बाई," हलगरेकाकू म्हणाल्या. "माझे कान अजून चांगले आहेत, मला ते म्हातारपणाला लागणार आहेत."

बायका हसल्या. खळखळून, मनात काही न ठेवता. एक म्हणाली, आमच्या जाऊबाईंच्या लग्नात मी बघितलं ना, आम्हाला वाटलं नवरा मुलगाच पळून जातो आता. पुन्हा हसल्या. दुसरी कोणी म्हणाली, महानंदा होती म्हणून, आणि मग तिला ती आता नाही हे आठवलं असावं. सगळ्या एकदम बोरांकडे वळल्या.

मी तृप्तीकडे बघितलं. ती हसली नव्हती. दचकलीही नव्हती. ती हाराची गाठ मारत होती, पाऊस लागलाय असं कोणी म्हटलं असतं तर जशी मारत राहिली असती तशी.

मला वाटत होतं की ही गोष्ट मला आणि सोलापुरातल्या एका दुकानदाराला माहीत आहे. मी ती साडीच्या घडीत लपवली होती. आणि ती या खोलीत सगळ्यांना ठाऊक होती, पाटावरच्या रुद्रला सोडून.

मी दिवा भिंतीच्या खिळ्याला अडकवला आणि शूटिंग केलं. त्याच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले, पोरं तुटून पडली, एकाचं डोकं दुसऱ्यावर आपटलं, सगळा गोंधळ. मी तोंडातून शब्द काढला नाही. निम्मं काळंच आलं असणार. बघितलं नाही कधी.

बायका गेल्या. दुपार झाली होती, रुद्र झोपला होता. तृप्ती जमिनीवरचे चुरमुरे झाडत होती. मी पेन ड्राइव्ह आणून तिच्यापुढे धरला.

"तुला खोटं सांगितलं," मी म्हणालो. "मिळालं होतं."

तिने झाडू खाली ठेवला. आधी तिच्या चेहऱ्यावर आनंदच आला. मग तो गेला.

"त्या दिवशी फोनवर विचारलं तेव्हा हातात होतं?"

"हो."

"मी किती रडले माहितीय का? यांना वाटलं, मला काय झालं." तिने पेन ड्राइव्ह घेतला, मुठीत धरला. "का नाही सांगितलं?"

"त्यात मी आहे."

"मग?"

"तू ऐक म्हणजे कळेल. मी फार..." मी जमिनीवरचा एक चुरमुरा उचलला. "मी फार वाईट बोललोय तिला. सगळीकडं. नुसता आईचा आवाज काढायला गेलो, निघत नाही."

 मला वाटलं ती रागवेल. रागवली असती तर मी ते घेतलं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी याच घरात वाढले."

एवढंच. मग उठून मशीनपाशी गेली. महानंदाची खुर्ची होती, तिच्यावर बसली. स्पीकरही तेच जुने होते, पुढे गोल बटण असलेले. ती लहान असताना आई मिक्सिंगला बसली की ही खाली सतरंजीवर अभ्यास करायची, ते मला त्या वेळी आठवलं. मी तेव्हा बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकांशी बोलत असायचो.

मी स्टूल घेऊन तिच्याजवळ बसलो. तिने पहिला तुकडा लावला. "घाबरू नकोस गं. हात सैल सोड." तृप्तीने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिने ते पुसलं नाही. पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग पुढचा.

मांडव, म्हातारी आजी, आईचा आवाज. आजी, जरा इकडं सरका. तृप्तीचा हात बटणाकडे गेला आणि तिने आवाज बंद केला. स्क्रीनवर आजी सरकत होती, काही ऐकू येत नव्हतं. मग लगेच बटण परत फिरवलं. "हो हो, केला वर," महानंदा म्हणाली. माझी शेपटी तिच्या 'हो हो'खाली दबून गेली.

 पुढच्या तुकड्यात पुन्हा तसंच. माझा आवाज यायच्या आधी हात जायचा, तो संपता संपता हात परत. एकदाही चुकली नाही. हे तुकडे तिने आजवर बघितलेले नव्हते. मी विचारलं, "तुला कसं कळतं, आता येणार म्हणून?"

तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. नवरीच्या चेहऱ्यावर. "उजेड बघा ना. आईचा हात भरून आला की उजेड खाली येतो. मग तुम्ही ओरडता." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आई असंच बटण फिरवायची. मी खाली बसलेली असले की."

मी बघायला लागलो. खरंच होतं. नवरीचं कपाळ उजेडात, मग हळूहळू कपाळ अंधारात जायचं, मग नाक. तो दिवा जड होता. मी हेच खांद्यावरच्या कॅमेऱ्यातून सगळी वर्षं बघत होतो. मला फक्त उजेड कमी झालेला दिसायचा.

पुढचा तुकडा लागला. हळदीचा होता. महानंदा कुणाला तरी सांगत होती, आंबेहळदीचा वास किती छान येतोय. उजेड खाली यायला लागला. तृप्तीचा हात उचलला जायच्या आधी मी बटण फिरवलं. खोली शांत झाली. स्क्रीनवरची नवरी कॅमेऱ्याकडे बघून बिचकली, म्हणजे मी बोललो असणार. मी मनात माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं आणि मग आवाज वाढवला.

"...वर," महानंदा म्हणाली. बाकीचं गेलं होतं.

"एवढं थांबायचं नाही, बाबा," तृप्ती म्हणाली. तिने तुकडा मागे नेला आणि माझा हात धरून बटणावर ठेवला. "लगेच वाढवायचा. ती लगेच बोलते."